कोऱ्या नमुन्यातले ठिपके : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

वही आजपासून सुरू. मॅडमची अट एकच: जे बिघडेल तेही लिहायचं, आणि मागाहून खाडाखोड करायची नाही.

काय करायचंय ते आधी मांडून ठेवते. थोड्याशा द्रवात मोजके जिवाणू आहेत. ते वाढवत न बसता, तासाभराच्या आत, कॅमेऱ्याने टिपून एकेक मोजायचे. प्लेटवर वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले, नुसत्या डोळ्यांना दिसणारे पुंजके) वाढवून मोजायच्या तर एक रात्र जाते. क्षयाच्या जंतूला आठवडे लागतात. सूक्ष्मदर्शक लगेच दाखवतो, पण त्याची नजर फार अरुंद. शंभरपटीच्या ऑइल लेन्सखाली (स्लाइड आणि लेन्स यांच्यात तेलाचा थेंब ठेवतात ती) दिसणारं वर्तुळ जेमतेम ०.२ मिमी व्यासाचं, म्हणजे ०.०३ चौ. मिमी. थुंकीच्या स्लाइडवर क्षयाचे जंतू सापडायला मिलिलिटरमागे ५,००० ते १०,००० असावे लागतात, त्याचं मोठं कारण हेच. त्याहून कमी असतील तर ते स्लाइडवर असूनही बघणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेचंही तसंच. १ मिमीचा चौकोन, ०.१ मिमी खोली, आत मावतो ०.१ मायक्रोलिटर. त्यात एक पेशी दिसली की मिलिलिटरमागे १०,००० लिहायच्या. नाही दिसली तर काय लिहायचं?

म्हणून किती बारीक दिसतं याच्या मागे आम्ही लागणार नाही. एका वेळी किती जागा दिसते, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचं. जिवाणूचा आकार आम्हाला बघायचाच नाही; तो आहे की नाही एवढंच हवंय. तारा केवढा आहे हे डोळ्याला कधीच कळत नाही, तरी तारे मोजता येतात.

८ जानेवारी

सांगाडा उभा राहिला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा: सेन्सरवर ४०५६ × ३०४० पिक्सेल, प्रत्येक १.५५ मायक्रोमीटरचा. दोन सारख्या लेन्स तोंडाला तोंड लावून बसवल्या की चित्र एकास एक पडतं. ना मोठं, ना छोटं. त्यामुळे सेन्सर जेवढा तेवढंच क्षेत्र दिसतं: ६.३ × ४.७ मिमी, जवळजवळ ३० चौ. मिमी. ऑइल लेन्सच्या एका नजरेच्या साडेनऊशे पट.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. लेन्स एफ/४ वर ठेवली की न्यूमरिकल ॲपर्चर (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ०.१२५ च्या आसपास येतं, आणि ठिपक्यातून चहूकडे निघणाऱ्या प्रकाशापैकी ०.४ टक्के आपल्या हाती लागतो. चांगली ऑइल लेन्स २४ टक्के गोळा करते. म्हणजे आम्ही साठपट दरिद्री. एक फायदा मात्र आहे: फोकसची खोली ३० मायक्रोमीटरच्या पुढे जाते. ऑइल लेन्सखाली अर्धा मायक्रोमीटर इकडेतिकडे झालं की संपलं. इथे काच थोडी वाकडी बसली तरी चालतं.

नमुन्याची खोबण काचेच्या स्लाइडवर रबरी चौकट चिकटवून केली, तळ ६ × ४.५ मिमी. प्लास्टिकच्या ९६ खळग्यांच्या प्लेटा कपाटात पडून आहेत, पण पॉलिस्टायरिन निळ्या उजेडात स्वतःच चमकतं. काच बरी.

१५ जानेवारी

आज पहिला फोटो. जिवाणू नाहीत अजून. १ मायक्रोमीटरचे, चमकणारे, तयार मिळणारे मणी काचेवर सुकवून ठेवले होते. अंधार केला, निळा एलईडी लावला, दोन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. ठिपके आले! सगळे स्क्रीनभोवती गोळा झालो.

मग कोडवाल्याने (प्रोग्रामिंगचं सगळं तोच बघतो) एलईडी बंद करून तोच फोटो पुन्हा काढला. ठिपके होतेच. थोडे कमी, पण होते.

सेन्सरचे गरम पिक्सेल. लांब एक्स्पोजरमध्ये काही पिक्सेल अंधारातही भरून येतात, आणि सेन्सर तापला की त्यांची संख्या वाढते. आमचा जिवाणू एक-दीड पिक्सेलचा, गरम पिक्सेलही एकाच पिक्सेलचा. दोघांना शेजारी उभं केलं तर ओळखायचं कसं?

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. फोटो जेपेग म्हणून साठवले जात होते. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि डोळ्याला जाणवणार नाही ते बारीक काहीबाही फेकून देतं. आमचं सगळं भांडवल म्हणजे तेच बारीक काहीबाही. आजपासून फक्त रॉ, १२ बिट. डिस्क भरली तर भरू दे.

१९ जानेवारी

गरम पिक्सेलवर दोन उपाय केले, आणि दोन्ही खगोलवाल्यांच्या जुन्या सवयी आहेत.

पहिला: एकाच जागेचे दोन फोटो काढायचे, मध्ये नमुना २० मायक्रोमीटर सरकवायचा. खरा ठिपका नमुन्याबरोबर सरकतो, गरम पिक्सेल जागचा हलत नाही.

दुसरा उपाय मॅडमनी सुचवला तेव्हा मला थट्टाच वाटली. फोकस मुद्दाम किंचित बिघडवायचा. ठिपका एका पिक्सेलवर न पडता तीन-चार पिक्सेलमध्ये पसरतो, मधोमध उजळ आणि कडेला मंद. गरम पिक्सेल मात्र फोकस कसाही असो, टोचल्यासारखा एकटाच राहतो. इतके दिवस फोकसचा स्क्रू केसभर हलवत बसले होते, आणि उत्तर तो केसभर बिघडवण्यात होतं. जास्त बिघडवलं तर प्रकाश पसरून ठिपका पार्श्वभूमीत बुडतो, म्हणून पसारा चार पिक्सेलच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सेन्सरवर रंगांची जाळी असल्यामुळे हिरवे पिक्सेल निम्मेच असतात. पसरलेला ठिपका निदान त्यांतल्या दोघांवर तरी पडतो, हा वरचा लाभ.

२७ जानेवारी

ई. कोलाय आले. के-१२ वाणाचे, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, निरुपद्रवी.

जिवाणू आपोआप तळाशी बसतील आणि आपण फोटो काढू, अशी माझी भाबडी कल्पना. कण द्रवात किती वेगाने बुडतो ते सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्रात आकडे घातले: त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर, पाण्यापेक्षा घनता दहा टक्के जास्त. वेग आला सेकंदाला ०.०५ मायक्रोमीटर. तासाला ०.२ मिमी! एक सेंटिमीटर खाली यायला दोन दिवस. तोवर प्लेटवर वसाहती येऊन जुन्या झाल्या असत्या.

म्हणून चुंबकीय मणी. लोहाच्या ऑक्साइडचे कण पोटात असलेले, वर ई. कोलायला धरणारी प्रतिपिंडं बसवलेली. नमुन्यात मिसळायचे, पंधरा मिनिटं हलवायचं, मग डीएनएला चिकटल्यावरच चमकणारा हिरवा रंग घालायचा. खोबणीत २०० मायक्रोलिटर ओतायचं (साडेसात मिमी उंची होते), खाली निओडिमियमचा चुंबक धरायचा. सहा मिनिटांत मणी आणि त्यांना चिकटलेले जिवाणू तळाच्या काचेवर. चुंबक काढून खालून फोटो.

पकड किती बसते ते वेगळं तपासलं. मण्यांआधीचा द्रव प्लेटवर पसरला, आणि मणी खाली ओढून घेतल्यावर वर उरलेलाही पसरला. आधी १००, तर नंतर सुमारे ४० वसाहती. म्हणजे शंभरातले साठ पकडले जातात. बरं आहे, उत्तम नाही.

३ फेब्रुवारी

आज कोरा नमुना चालवला. जिवाणू शून्य, नुसता बफर (जिवाणू ज्यात मिसळतो तो क्षारांचा द्रव), मणी आणि रंग. तीन वेळा.

१४३, ११८, १६१.

शून्यातून १४३ ठिपके आले. कोणी फारसं बोललं नाही. गेल्या आठवड्यात "मिलिलिटरला ५०० जिवाणू दिसले" म्हणून मी जे नाचले होते, त्यातले किती जिवाणू होते कोण जाणे.

५ फेब्रुवारी

पहिला संशय खोलीतल्या धुळीवर, मग काचेवर, मग माझ्या हातांवर. काखेत कळसा अन् गावाला वळसा. दोषी निघाला बफर, तोही ऑटोक्लेव्ह केलेला.

हे मला आधी सुचायला हवं होतं. १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवल्याने जिवाणू मरतात. नाहीसे होत नाहीत. प्लेटवर काम करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, मेलेलं तिथे वाढत नाही. आम्ही डीएनए रंगवून मोजतो. मेलेल्याच्या सांगाड्यातही रंग धरण्यापुरतं काहीतरी उरतं, आणि कॅमेऱ्याला जिवंत-मेलेला हा भेद कळत नाही. बाटली "निर्जंतुक" आहे ही चिठ्ठी खरीच होती. आम्हाला हवी होती जंतूंच्या मढ्यांशिवायची बाटली.

बफर ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढला. कोरा नमुना: ६४.

६ फेब्रुवारी

रंगाच्या साठवणीच्या बाटलीत बारीक कण धरले होते, तेही चमकतात. रंग ०.१ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढला, वापरण्याच्या दिवशीच. ३१.

१० फेब्रुवारी

इथे चार दिवस गेले आणि गेले ते योग्य कामी गेले असं आता वाटतं.

रंग अजिबात न घालता नुसते मणी ठेवले, तरी वीस-पंचवीस ठिपके. चमकण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग हे हिरवं येतंय कुठून? विकणाऱ्याने एलईडीवर तरंगलांबी ४७० नॅनोमीटर लिहिलीय, आणि शिखर तिथेच आहे. पण त्या शिखराचा उतार लांब आहे, पार ५२० च्या पुढे जातो. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर ५१० ते ५५० सोडतो. उताराचा तो हिरवट भाग मण्यांवर आपटून उसळत होता आणि फिल्टरमधून राजरोस आत येत होता. चमक नव्हती ती, नुसती उसळी. दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्याकडे दिव्यातच खोट.

एलईडीपुढे ४९० च्या वरचं सगळं अडवणारा फिल्टर बसवला. मधले ठिपके गेले. कोपऱ्यांतले राहिले.

कोपरेच का? कोडवाल्याने शंभर फोटोंची बेरीज करून नकाशा काढला तेव्हा स्पष्ट दिसलं: पार्श्वभूमी मध्यावर काळी, चारही कोपऱ्यांत उजळत गेलेली. दोन लेन्सच्या मध्ये आमचा फिल्टर बसतो, आणि कडेच्या ठिकाणाहून येणारे किरण त्यातून तिरके जातात. पातळ थरांचे हे फिल्टर तिरक्या किरणांसाठी आपली खिडकी निळ्याकडे सरकवतात. आमच्या लेन्सची फोकल लांबी १६ मिमी. कोपऱ्यात तिरकेपणा १४ अंशांच्या आसपास जातो आणि खिडकी तीन-चार नॅनोमीटर हलते. थोडंच, पण दोन फिल्टरांच्या मधली ४९० ते ५१० ची फट तेवढीच अरुंद होते.

त्यामागे एक साधा पिवळा जिलेटिन फिल्टर ठेवला. असे फिल्टर प्रकाश शोषतात, त्यांना तिरकं-सरळ सारखंच. पण ते स्वतःही निळ्यात थोडे चमकतात, म्हणून पहिल्या फिल्टरच्या मागेच ठेवायचे, पुढे नाही. मी आधी पुढे ठेवला होता. (होय, लिहितेय.)

कोरा नमुना: १२.

१३ फेब्रुवारी

मण्यांची संख्या निम्मी केली. जास्त मणी म्हणजे चांगली पकड, हे खरं. पण चुंबकाच्या मधोमध त्यांचा ढीग होतो, लोहाचे गडद कण प्रकाश गिळतात, आणि ढिगात अडकलेला जिवाणू दिसतच नाही. निम्म्या मण्यांवर पकड ६० ची ५७-५८ झाली असेल, तेवढी आमच्या मोजणीच्या चुकीतच बुडते. चित्र मात्र स्वच्छ. चुंबकही एकाऐवजी चार छोटे लावले, मणी पसरून बसतात.

काच धुण्याची पद्धतही बदलली. कोरे नमुने आता दहाच्या खाली.

२० फेब्रुवारी

दहा कोरे नमुने, एका दिवसात, एकाच हाताने:

४, ७, ३, ६, ५, ९, ४, ६, ५, ३.

सरासरी ५.२, प्रमाण विचलन १.९. कोऱ्याची हद्द काढायची नेहमीची रीत म्हणजे सरासरीत विचलनाची १.६४५ पट मिळवायची: ८.३. म्हणजे ९ किंवा जास्त ठिपके दिसले तरच "आहे" म्हणायचं. आमच्याच दहांतला एक ९ चा आहे हे दिसतंय. ही हद्द व्याख्येनेच कोऱ्यांपैकी शंभरातले पाच ओलांडू देते. दहांतला एक गेला म्हणून हद्द वाढवायची नाही असं ठरलं.

यापुढचं गणित मला आवडतं. ओळखण्याची मर्यादा म्हणजे असा नमुना की तो शंभरदा चालवला तर पंच्याण्णव वेळा हद्दीच्या वर जाईल. ठिपके मोजताना चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. त्या हिशेबाने एकूण १५ ठिपके लागतात. त्यातले पाच कोऱ्याचे, म्हणजे खरे दहा. पकड ६० टक्के, तर खोबणीत १७ जिवाणू हवेत. खोबणीत ०.२ मिलि मावतं, म्हणजे मिलिलिटरमागे ८५.

कोरा १४३ वर असता तर हाच आकडा चार-पाचशेवर गेला असता. कॅमेरा, लेन्स, मणी तेच. मागच्या तीन आठवड्यांत आम्ही जिवाणू दिसण्यासाठी काहीच केलं नाही. जे जिवाणू नाही ते काढत बसलो.

आणि अगदी शून्य कोरा मिळाला, तरी एक भिंत पुढे उभी आहेच. नमुन्यात सरासरी तीन जिवाणू असतील, तर शंभरातल्या पाच वेळा हाती घेतलेल्या भागात एकही येणार नाही. तिथे कॅमेऱ्याचा दोष नाही, द्रवच कमी घेतला. आमचं ०.२ मिलि त्यामुळे डोळ्यांत खुपतंय.

२४ फेब्रुवारी

प्लेट आणि फोटो यांची तुलना. फोटोतून २१०, त्याच द्रवाच्या प्लेटवरून १३०. दुसऱ्यांदा १८५ आणि १२२. फोटो कायम पुढे.

मॅडम: "तुझं जास्त येतंय म्हणून तुझं बरोबर, असं समजू नकोस."

वसाहत म्हणजे एक जिवाणू असं आपण धरतो, पण दोन-तीन चिकटलेले असले तरी वसाहत एकच उठते. मेलेले उठतच नाहीत. जिवंत असून प्लेटवर वाढायला नकार देणारेही असतात. माती-पाण्यातल्या जिवाणूंबाबत प्लेट आणि सूक्ष्मदर्शक यांच्या मोजणीतली ही तफावत इतकी जुनी आणि मोठी आहे की १९८५ पासून तिला स्वतःचं नावच पडलंय. ताज्या ई. कोलायमध्ये ती एवढी नसावी. म्हणून प्रोपिडियम आयोडाइड घालून बघितलं. हा लाल रंग अखंड आवरणातून आत शिरत नाही, फाटलेल्यातच जातो. ठिपक्यांपैकी चौथा हिस्सा लाल. उरलेली तफावत चिकटलेल्या जोड्यांची असेल असा माझा कयास; सिद्ध केलेलं नाही.

५ मार्च

आता जिवाणू बाजूला, रेणू घेतला. ओव्हाल्ब्युमिन, निरुपद्रवी प्रथिन, विषारी प्रथिनांच्या चाचण्या बसवताना त्यांच्या जागी वापरतात.

रेणू कुठल्याच लेन्सने आम्हाला दिसणार नाही. म्हणून सँडविच: चुंबकीय मण्यावर एक प्रतिपिंड, रंगाने ठासून भरलेल्या चमकत्या कणावर दुसरं. मध्ये रेणू आला तरच कण मण्याला बांधला जातो आणि मण्याबरोबर तळाला येतो. दिसतो तो कण. मोजला जातो रेणू.

अडचण अशी की न बांधलेले कोट्यवधी कण वरच्या द्रवात तरंगतात आणि तेही चमकतात. खालून फोटो काढला तर पूर्ण पांढरा. धुवायचं म्हटलं तर प्रत्येक धुण्यात मणी सांडतात आणि वेळ जातो.

मग द्रवाखाली एक जड, गडद थर ठेवला. न धुता मोजणाऱ्या उपकरणांत ही युक्ती आधीपासून वापरात आहे, आमची नव्हे. जड असल्यामुळे तो नमुन्यात मिसळत नाही. गडद असल्यामुळे खालचा निळा प्रकाश वर पोचत नाही आणि वरची हिरवी चमक खाली उतरत नाही. आम्ही तो असा केला की १ मिमीमध्ये प्रकाश दहापट घटतो. ३ मिमीच्या थरातून जाताना हजारपट, येताना पुन्हा तेवढाच. चुंबक मण्यांना या थरातून ओढून काचेवर आणतो, आणि काचेला टेकलेल्या कणापुढे रंगाची जाडी एखाद-दोन मायक्रोमीटर, जवळजवळ काहीच नाही.

पडदा लावून पलीकडची गर्दी झाकायची, आणि दाराशी येऊन टेकलेल्यांना मोजायचं. पहिल्याच प्रयत्नात जमलं, त्यामुळे थोडी भीती वाटतेय. थर ओतताना पिपेटचं टोक तळाला टेकवून अगदी सावकाश सोडायचं. घाई केली की भोवरे होऊन सगळं एकजीव होतं. आज चारांतले दोन तसे वाया गेले.

११ मार्च

तीव्रता दहा-दहा पटीने वाढवत सहा नमुने. पहिले चार नीट चढले. पाचवा चढला, पण मोजता येईना. ठिपक्याला ठिपका लागून पीठ झालं. अशा वेळी ठिपके सोडून एकूण उजेड मोजावा लागतो. सहावा, सगळ्यांत तीव्र, दुसऱ्याहूनही कमी.

नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून पुन्हा केलं. तेच.

पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांत भेटली. याला हूक परिणाम म्हणतात, आलेखाची रेघ गळासारखी वळते म्हणून. रेणू प्रमाणाबाहेर झाले की मण्यांवरच्या सगळ्या जागा एकेका रेणूने अडतात आणि कणांवरच्याही. दोघांचे हात भरलेले. एकमेकांना धरायला कोणी मोकळं नाही. सँडविच बनतच नाही.

संवेदनशीलतेच्या नादात ही बाजू विसरायला होते. ज्याच्या नमुन्यात सगळ्यांत जास्त आहे त्यालाच "जवळजवळ काही नाही" असं उत्तर जाणं यासारखं वाईट नाही. यापुढे प्रत्येक नमुना दोनदा: जसाच्या तसा, आणि शंभरपट पातळ करून. पातळ केल्यावर आकडा वाढला तर पहिला खोटा.

ता. क. एक पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) ओव्हाल्ब्युमिनमध्ये १ कोटी ३६ लाखांच्या आसपास रेणू असतात. आम्ही फोटोत काही हजार ठिपके मोजून खूश होतो. उरलेले बहुतेक मण्यांच्या हाती लागत नाहीत, किंवा लागून सुटतात. पुढची सुधारणा कॅमेऱ्यात नसून प्रतिपिंडाच्या पकडीत आहे.

१७ मार्च

हे लिहावंसं वाटत नाही, पण अट आहे.

परवा ई. कोलायचे बारा नमुने चालवले. कुठला कोरा आणि कुठला भरलेला हे मला माहीत होतं. एका कोऱ्यात ११ आले. ठिपका किती उजळ असला तर मोजायचा, तो थ्रेशोल्ड मी ४० वरून ४४ केला. ११ चे ७ झाले. भरलेले सगळे अजून हद्दीच्या वरच होते. बारापैकी बारा बरोबर, सुंदर तक्ता.

कोडवाल्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "अगं, हे मागचं उत्तर बघून सोडवलेलं गणित आहे."

त्यावर मी पाच मिनिटं वाद घातला. ४४ मध्ये चूक काही नाही, कदाचित तोच योग्य आकडा असेल, वगैरे. असेलही. पण तो मी ज्या नमुन्यांवर निवडला त्याच नमुन्यांवर सिद्ध करू शकत नाही. तक्ता रद्द. थ्रेशोल्ड ४४, हद्द ९, ठिपक्याचा पसारा दोन ते चार पिक्सेल, हे सगळं आजच्या तारखेने गोठवलं आणि कोडच्या सुरुवातीला लिहिलं. पुढची परीक्षा आंधळी.

२४ मार्च

मॅडमनी २४ नळ्या भरल्या, नुसते क्रमांक घालून. यादी त्यांच्याकडे. आठ कोऱ्या, आठांत मिलिलिटरमागे सुमारे ५०, आठांत सुमारे ५००, एवढंच आम्हाला सांगितलं.

नमुना हातात घेतल्यापासून आकडा स्क्रीनवर येईपर्यंत ३५ मिनिटं, त्यातला फोटोचा वेळ दोन मिनिटांचा. बाकी सगळं हलवणं, थांबणं आणि चुंबक. संध्याकाळी सगळी उत्तरं लिहून दिली, मग यादी उघडली.

५०० च्या आठही ओळखल्या.
५० च्या आठांपैकी पाच. मर्यादा ८५ आली होती, त्याच्या खालचीच ही पायरी. गणिताने सहा निघायला हव्या होत्या. ठीक.
कोऱ्या आठांपैकी सात स्वच्छ. नळी १७ मध्ये १३ ठिपके, म्हणजे "आहे".

२६ मार्च

नळी १७ चा फोटो आज मोठा करून बघितला. तेरापैकी नऊ ठिपके एका किंचित वळलेल्या रेषेत. तंतू आहे तो. काच पुसायच्या कागदाचा असावा. कोडने पसाऱ्याच्या नियमाने त्याचे नऊ तुकडे केले आणि नऊ जिवाणू मोजले. नऊ वजा केले की उरतात ४. नळीत उरलेला द्रव पुन्हा चालवला: ५.

कोडवाल्याने अर्ध्या तासात नवा नियम लिहिला: एका रेषेत पाचापेक्षा जास्त ठिपके असतील तर ते बाद. चालवून बघितला, नळी १७ सुटते. मी मॅडमना विचारलं, तक्त्यात १७ पुढे खूण करून "तंतू" असं लिहू का.

"तंतू लिही. उत्तर 'आहे' हेच राहू दे. नियम नंतर आलाय."

तेव्हा २४ तारखेचा निकाल कोऱ्यांपैकी एक खोटा, असाच राहील. पुसायचा कागद बंद. काच आता गाळलेल्या पाण्याने धुऊन उभी वाळवायची. नमुना एक मिलिलिटर घेऊन आधी नळीतच मणी गोळा करायचे आणि मग ते २०० मायक्रोलिटरमध्ये खोबणीत उतरवायचे, हे पुढच्या आठवड्यात. त्यात पकड किती सांडते ते आधी मोजावं लागेल.

नव्या नियमासाठी नव्या २४ नळ्या मॅडमनी आज दुपारीच भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. यादी त्यांच्या कपाटात.